ट्रॅक्टरसारखं सुरू होणारं विमान

आमचं विमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, चार लाकडी ठोकळ्यांवर होतं. त्याला पंख नव्हते, शेपूट नव्हती, चाकंही नव्हती. पुढचा भाग, दोन खुर्च्या, घड्याळांची पाटी, दांड्या, एक किल्ली आणि समोर तीन मोठे पडदे, एवढाच सगळा संसार. पडद्यावर धावपट्टी दिसायची. विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांनी खरं विमान हातात यायच्या आधी यात बसून सराव करायचा. आम्ही त्याला नुसतं 'डबा' म्हणायचो.

डब्यातल्या दांड्या, बटणं, किल्ली आणि त्यांच्यामागच्या वायरी हे माझं काम. इंजिन मॅडमचं. म्हणजे इंजिन असं कुठे नव्हतंच. मॅडमनी ते संगणकात लिहिलं होतं आणि त्याचा आवाज खुर्चीखालच्या स्पीकरमधून यायचा. शेडही मॅडमचीच. त्या नाशिकरोडच्या, वयानं माझ्याहून पाचसात वर्षांनी लहान, पण मी त्यांच्यासमोर बसताना अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतो.

मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इकडे द्राक्षाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला लागलो आणि तिथेच केस पिकायला लागले. मॅडम एकदा त्या गॅरेजात आल्या होत्या. त्यांना अशी एक दांडी हवी होती जी ढकलून सोडली की तिथेच थांबेल, मागे येणार नाही, सैलही पडणार नाही. मी ट्रॅक्टरच्या हँड थ्रॉटलची, म्हणजे हातानं वेग कमीजास्त करायच्या दांडीची, चकती काढून, घासून, तशी दांडी करून दिली. त्यांनी ती चारपाच वेळा पुढेमागे केली आणि म्हणाल्या, "दादा, माझ्याकडे याल का?"

शिक्षण विचारलं तेव्हा मी खाली बघून "आठवी" म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून मला रोज वाटायचं की आज कुणीतरी ते परत विचारणार. शाळा सोडल्याचा दाखला मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवतो. कशासाठी, ते मलाही सांगता येत नाही.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी मला एक गोष्ट विचारली. त्यांच्याकडे विमानाचं पुस्तक होतं. चालवणाऱ्यानं काय करायचं ते त्यात ओळीनं दिलेलं होतं. हे बटण, ती दांडी, मग किल्ली. पण तेवढ्या वेळात इंजिनाच्या पोटात काय होतं, ते कुठेच नव्हतं.

"दादा, इंजिन सुरू होताना नेमकं काय काय होतं हो? अगदी पहिल्यापासून सांगा."

मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. तेही समोर कागद घेऊन, पेन उघडून. मी अर्धा तास बोललो. थंडीत इंजिन कसं जड फिरतं, पहिला एकच सिलिंडर कसा धक् करतो, मग जरा थांबून दुसरा, मग सगळे कसे एकमेकांना धरून चालायला लागतात. तोंडानं आवाज काढून दाखवले. "डिझेल जास्त गेलं तर?" असं त्यांनी विचारलं की "पेट्रोल जास्त गेलं तर?" ते आता आठवत नाही. मी म्हटलं, "काही नाही होत, धूर होतो. फिरवत राहायचं, घेतंच." आणि बंद करायचं? "दांडी ओढली की खल्लास. तिथल्या तिथे."

पेट्रोलच्या इंजिनाचं मला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. पण मी बोलायला लागलो आणि तोंडातून ट्रॅक्टरच आला. मॅडमनी तो जसाच्या तसा लिहून घेतला आणि विमानात घातला.

हे उघडकीला आणलं कॅप्टनसाहेबांनी. ते निवृत्त वैमानिक. उड्डाण शिकवणारी एक संस्था आमचा डबा घेणार होती, आणि घ्यायचा की नाही ते साहेबांनी तपासून सांगायचं होतं. आमचं गिऱ्हाईक ते एकच. त्यांनी नाही म्हटलं असतं तर शेड दिवाळीपर्यंतही टिकली नसती, हे मॅडमनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

साहेब पांढरा शर्ट घालून आले, चष्मा पुसला, आणि खुर्चीत असे बसले की डबा एकदम खरा वाटायला लागला. त्यांनी प्रायमरची मूठ चार वेळा ओढून ढकलली. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल आधीच मारायची ती मूठ. मग थांबले. मग आणखी आठ वेळा ढकलली. किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, धक् केलं, थांबलं, परत धक् केलं आणि सावकाश सुरू झालं.

साहेब हसायला लागले. खुर्ची हलेपर्यंत हसले.

"अहो मॅडम, बारा वेळा पेट्रोल मारलं मी. हे केव्हाच पेट्रोलनं बुडायला पाहिजे होतं, सुरूच व्हायला नको होतं. आणि वर ऐका की कसं सुरू होतंय! हे विमान नाही, ट्रॅक्टर आहे. मागे नांगर लावा!"

मी मागे पेचकस घेऊन उभा होतो. कान गरम झाले. आता मॅडम माझ्याकडे बघणार असं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "माझी चूक, सर. माझा अंदाज चुकला."

"पोरं पहिल्या आठवड्यात हेच शिकतात," साहेब उतरताना म्हणाले. या वेळी हसत नव्हते. "सुरू करणं आणि बंद करणं. तेच चुकीचं हातात बसलं तर पुढे जड जातं. मी पुढच्या शुक्रवारी येतो. तेव्हाही हा ट्रॅक्टरच असेल तर मी सही करणार नाही."

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, ते सगळं मी सांगितलेलं होतं."

"विचारलं कुणी होतं? मीच ना?"

"पण साहेबांसमोर तुम्ही…"

"दादा, सात दिवस आहेत. रडायचंय की शोधायचंय?"

मला दोन्ही करायचं होतं. पण शोधायला लागलो.

बुडणं घालायला फार वेळ लागला नाही. मॅडमनी संगणकात सिलिंडरमधल्या पेट्रोलचा एक आकडा ठेवला आणि तो बाजूच्या छोट्या पडद्यावर दिसेल असा केला. सुरू करताना तो तीस ते सत्तरच्या मधे असला तर इंजिन पेट घेणार. कमी असेल तर कोरडं, नुसतं फिरणार. जास्त असेल तर बुडालं, मग कितीही फिरवा. इंजिन गार असताना प्रायमर चार वेळा मारला की आकडा चाळीसच्या आसपास यायचा आणि किल्ली फिरवताच ते उडी मारून सुरू व्हायचं. बारा वेळा मारला की ढिम्म. सोमवारी दुपारपर्यंत हे जमलं. मॅडमनी टाळी वाजवली. मी डब्याच्या बॉनेटवर हात ठेवला, जसा ट्रॅक्टरवर ठेवायचो तसा. तिथे काहीच गरम नव्हतं, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटायचं.

मग आम्ही इंजिन बंद केलं, चहा घेतला, आणि परत सुरू करायला गेलो. होईना.

प्रायमर न मारता बघितलं, होईना. थ्रॉटल कमीजास्त करून बघितलं. नाहीच. संगणक बंद करून चालू केला की सगळं सुरळीत, पहिल्या फटक्यात सुरू. एकदा बंद केलं की परत नाही.

"गरम झालं म्हणून असेल," मॅडम म्हणाल्या. गरम इंजिनासाठी त्यांनी वेगळे आकडे लिहिले होते. ते काढून टाकले. तरी तेच.

मग माझ्या मनात आलं, किल्लीच असणार. किल्लीच्या मागे पाच वायरी, त्या मीच कथिलाचा डाग देऊन जोडलेल्या. चूक दरवेळी माझ्याकडेच येते अशी माझ्या मनाची सवय आहे, ती एव्हाना तुमच्याही लक्षात आली असेल. मंगळवारी सकाळी मी पाचही वायरी सोडल्या, घासल्या, परत डाग दिले, मीटर लावून एकेक तपासली. सगळ्या ठीक. इंजिन सुरू होईना ते होईनाच. चूक माझी नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण माझी असती तर निदान सापडली तरी असती!

बुधवारी मात्र एक मजेची गोष्ट झाली. अकराच्या चहानंतर इंजिन सुरू झालं नाही. जेवणानंतर झालं. चारच्या चहानंतर परत नाही.

"जेवून आलं की होतंय," मी म्हटलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "भूक लागते म्हणता त्याला?"

"थट्टा नाही मॅडम. चहाला आपण दहा मिनिटं जातो, जेवायला पाऊण तास. पाऊण तासात काहीतरी होतंय त्याचं."

"गार होतं, दुसरं काय?"

"गरमचे आकडे तर तुम्ही काढलेत."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माझी भीती जरा बाजूला सरकली आणि तिच्या जागी खाज सुटल्यासारखं व्हायला लागलं. पाऊण तासात काय होतं? रात्री गावाहून मुलीचा फोन आला. ती यंदा आठवीत आहे. तिला या विमानाचं फार कौतुक.

"बाबा, सुरू झालं का तुमचं इमान?"

"होतं बाई. पण जेवल्यावरच."

"माझ्यासारखंच हाय मंग," ती म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

गुरुवारी सकाळी घरमालक काकांबरोबर भाजी आणायला गेलो. काका नांदगावचे. आयुष्य बाजार समितीच्या काट्यावर गेलं, आता मुलाकडे सिडकोत राहतात आणि मागची खोली मला दिली आहे. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. सकाळी सुरू करताना ते आधी तिला अंगावर घेतात, पार तिरकी करतात, दहा आकडे मोजतात, मग सरळ करून किक मारतात. हे मी रोज बघायचो आणि रोज हसायचो. त्या दिवशी हसलो नाही. तिरकी करून ते पेट्रोल आत ढकलत होते. म्हणजे काकांचा प्रायमर तो!

परत येताना मी मागे बसलो होतो, मांडीवर मेथीच्या जुड्या. पिठाच्या चक्कीपाशी आल्यावर काका जरा वाकले आणि सीटखाली हात घालून काहीतरी फिरवलं.

"काय केलं काका?"

"कॉक बंद केला."

"पेट्रोलचा? आत्ताच? घर तर पुढे आहे."

"म्हणूनच तर. चक्कीपाशी बंद केला का बरोबर दारात येऊन बंद पडती."

आणि खरंच, पेट्रोल बंद केलेली स्कूटर चालत राहिली. वळणावरून आत आली, दवाखाना ओलांडला, मग एकदोनदा फुरफुरली आणि फाटकापाशी येऊन गप्प झाली.

मी मेथी घेऊन तसाच उभा राहिलो. "कॉक बंद केल्यावर इतका वेळ चालली कशी?"

"पोटात हाय ना आजून," काका म्हणाले. "ते संपल्याबिगर कशी थांबंल? आन् ते तसंच ठिवलं ना, का प्लग वला. मग मार बसून किका. तू मेकॅनिक हाय का कोन? विदर्भात इंजनं नसत्यात व्हय?"

"आमच्याकडे ट्रॅक्टर असतात काका."

"मग बरुबर हाय."

मी मेथी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि सायकल काढली. पावशेर मिरच्या खिशातच राहिल्या. त्या शेडवर पोचल्यावर सापडल्या.

मॅडम येईपर्यंत मी डब्यात काही केलं नाही, फक्त छोट्या पडद्यासमोर बसून राहिलो. त्या आल्या तसं म्हटलं, "आज सुरू करताना नाही बघायचं. बंद होताना बघू."

इंजिन सुरू केलं. चालू इंजिनात आकडा नव्वदच्या आसपास फिरत होता. मग मॅडमनी लाल मुठीची दांडी ओढली. विमान किल्लीनं बंद करत नाहीत, या दांडीनं इंजिनाचं पेट्रोल तोडतात. दांडी ओढली आणि आवाज कापल्यासारखा थांबला. तिथल्या तिथे.

आकडा? नव्वद.

आम्ही दोघं त्या नव्वदकडे बघत होतो. एक मिनिटानं एकोणनव्वद झाला.

"वाळतंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "आतलं पेट्रोल हळूहळू उडून जातंय. पाऊण तासात पुरेसं कमी होतं. चहाला नाही होत."

"म्हणून चहानंतर आकडा ऐंशी, सत्तरच्या वरच. बुडतं."

"पण बंद झाल्यावर इतकं आत राहतंच का?"

"कारण मी तसं सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी कपाटातून तो जुना कागद काढला. त्यांच्या अक्षरात माझं वाक्य होतं, शेवटच्या ओळीत. 'दांडी ओढली की खल्लास. तिथल्या तिथे.' खाली दोन रेघा मारलेल्या. सुरू होण्याचा ट्रॅक्टर आम्ही सगळा धुऊन काढला होता. बंद होण्याचा तसाच आत बसला होता. डिझेल तोडलं की ट्रॅक्टर गप्प होतो. त्याच्या सिलिंडरमध्ये उरून बुडवणारं असं काही राहत नाही. पेट्रोलचं इंजिन पोटातलं संपवून मगच थांबतं. मी त्याला पोटात घास असतानाच झोपवत होतो.

मॅडमना काकांची स्कूटर सांगितली. चक्की, दवाखाना, फाटक. त्या ऐकता ऐकता लिहायलाच लागल्या. दुपारी लाल दांडी ओढली तेव्हा इंजिन लगेच थांबलं नाही. दोनतीन सेकंद चाललं, अडखळलं, फुरफुरलं आणि सुस्कारा टाकल्यासारखं बसलं. आकडा भरभर उतरत शून्यावर गेला. मॅडमनी गरम इंजिनाचे आकडे परत घातले होते, गरम असलं की ते फिरता फिरता आपलं पेट्रोल आपणच ओढणार. लगेच किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्यात पेट घेतला. आम्ही चौदा वेळा बंद-सुरू केलं. पंधराव्यांदा मला करवेना, आनंदानंही माणसाला धाकधूक होते.

शुक्रवारी साहेब आले. तोच पांढरा शर्ट. चार वेळा प्रायमर, किल्ली, सुरू. बंद करून मुद्दाम बारा वेळा प्रायमर मारला. बुडालं. मान हलवली. मग बुडालेलं इंजिन सुरू करायची त्यांची एक पद्धत होती, लाल दांडी ओढून, थ्रॉटल पूर्ण उघडून फिरवत राहायचं, पेट घेतला की लाल दांडी आत. तीही त्यांनी करून बघितली. आकडा उतरत गेला आणि सत्तरच्या खाली येताच इंजिन बोललं. मग चालू दिलं दोन मिनिटं आणि लाल दांडी ओढली.

दोनतीन सेकंद. फुरफुर. गप्प.

साहेबांनी मान वळवली. "हे कुणाला सुचलं? हे मी मागच्या वेळी बोललोसुद्धा नव्हतो."

"दादांना," मॅडम म्हणाल्या.

"आम्ही पोरांना हेच बजावतो. इंजिन लाल दांडीनंच बंद करा, आत थेंब ठेवू नका. आत राहिलं आणि पुढे पंख्याला कुणी सहज हात लावला, तर इंजिन पेट घेतं आणि हात राहत नाही." ते परत पडद्याकडे वळले. "छान. फक्त तो ट्रॅक्टर कुणाचा होता, ते मला अजून कळलेलं नाही."

मॅडमनी तोंड उघडलं. त्या परत 'माझी चूक' म्हणणार हे मला दिसलं.

"माझा होता साहेब," मी म्हटलं. "मी ट्रॅक्टरचा मेकॅनिक. मॅडमना सगळं मीच सांगितलेलं. मी आठवी शिकलोय."

साहेब खुर्चीत माझ्याकडे वळले.

"आठवीचं मी कुठं विचारलं?" साहेब म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. "आमच्या वडिलांचा ट्रॅक्टर होता, निफाडला. पहिला एक सिलिंडर धक् करायचा, मग थांबायचा, तुमच्यात होतं अगदी तसंच. मी हसलो ते त्यामुळे हो. चुकीचं असतं तर ओळखलं कसं असतं?"

ते उतरले आणि खुर्चीकडे हात केला. "बसा."

या खुर्चीच्या मागचं सगळं मी माझ्या हातानं जोडलं होतं. पण तिच्यात बसून किल्ली मी कधी फिरवली नव्हती. फिरवायची ती मॅडमनी, नाहीतर साहेबांनी. बसलो. या वेळी कडेवर नाही, कारण ती खुर्ची तशी बसूच देत नाही. प्रायमर नको, इंजिन गरम आहे. थ्रॉटल बोटभर. किल्ली. पडद्यावरचा पंखा फिरून दिसेनासा झाला आणि खुर्चीखालून थरथर वर आली. ती स्पीकरची होती, मला माहीत होतं.

"आता बंद करा."

लाल दांडी ओढली. मॅडम छोट्या पडद्याकडे बघत होत्या, साहेब माझ्या हाताकडे. इंजिन अजून चालत होतं. "पोटात हाय ना आजून," माझ्या तोंडून गेलं. मग ते फुरफुरलं आणि थांबलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. सही करायला टेबल लांब होतं, म्हणून कागद डब्याच्या बॉनेटवरच ठेवला.

संध्याकाळी काकांना मिरच्या परत केल्या आणि सगळं सांगितलं. त्यांची स्कूटर आता विमानात आहे, तिच्यावरून पोरं शिकणार आहेत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग बराच विचार करून विचारलं, "पन मग त्या इमानाला चक्की कुठशी हाय?"